‘वार्षिक’ फूल की ‘वर्षायू’?

चिलीतल्या अटाकामा वाळवंटावरचा लेख मराठीत आणताना एका वाचकमित्राला एक शब्द अडला. तिथल्या ‘पाता दे ग्वानाको’ या जांभळट गुलाबी रानफुलाला मूळ लेखात ‘अ‍ॅन्युअल’ म्हटलं आहे. त्यांनी ‘वार्षिक रानफूल’ असं लिहिलं, पण ते कानाला खटकतंय. दुसरा शब्द आहे का, असं ते विचारतात.

खटकतंय ते योग्यच. वार्षिक परीक्षा, वार्षिक वर्गणी, वार्षिक सभा: दर वर्षी येणारं ते वार्षिक. ‘वार्षिक फूल’ वाचून कुणालाही वाटेल, की हे फूल दर वर्षी उमलतं. अटाकामात नेमकं तेच घडत नाही. एल निन्योच्या वर्षी किनाऱ्यालगतचा समुद्र तापतो, वाळवंटात चार थेंब पडतात आणि मग कोपियापो, वायेनारच्या आसपासची उजाड माळरानं फुलांनी झाकून जातात. 1997 आणि 2015 मधले बहर असेच मोठे होते. एरवी बी वर्षानुवर्षं मातीत निजून असतं.

मराठीत नेमका शब्द आहे: वर्षायू. वनस्पतिशास्त्राच्या मराठी लेखनात तो रुळलेला आहे, आणि जोडीला द्विवर्षायू, बहुवर्षायूही आहेत. दीर्घायू, शतायू, अल्पायू यांच्याच घरातला. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि वाळून जायचं, हे सगळं जी एका वर्षाच्या आत उरकते ती वर्षायू वनस्पती. वर्षभर जगलीच पाहिजे असं नाही. आपला तेरडा पावसाबरोबर येतो आणि पावसामागून जातो, तोही वर्षायूच. उलट सात वर्षांनी फुलणारी कारवी वर्षायू नव्हे, जरी फुलल्यावर तीही मरते.

मला हा शब्द फार आवडतो तो त्यातल्या ‘वर्ष’मुळे. संस्कृतात ‘वृष्’ म्हणजे बरसणं आणि ‘वर्ष’ म्हणजे पाऊसही, सालही. एक पाऊस गेला की एक साल गेलं, असा हिशेब. ‘अब्द’चंही तसंच: पाणी देणारा तो अब्द, म्हणजे ढग, आणि अब्द म्हणजे वर्षही, शताब्दी त्यातूनच आली. आपण अजूनही ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात साल होतं हे उघड आहे, पण जुन्या अर्थाने वाचलं तर वर्षायू म्हणजे एका पावसाएवढं आयुष्य असलेली. अटाकामातल्या फुलाला याहून चपखल नाव मला तरी सुचत नाही.

रोपवाटिकेत ‘हंगामी फुलझाडं’ म्हणतात, तेही चांगलं आणि सोपं आहे. बागेतल्या झेंडू-अ‍ॅस्टरसाठी मी तेच वापरीन. पण हंगाम ठरल्या वेळी येतो. इथे पावसाचा भरवसाच नाही. ‘ओषधी’ हा जुना शब्दही आहे. मनुस्मृतीत ‘ओषध्यः फलपाकान्ताः’ म्हटलंय: फळ पिकलं की जिचा अंत होतो ती ओषधी. व्याख्या सुंदर आहे, पण आज वाचकाला औषधच आठवणार.

लेखनाबद्दल एवढंच, की शेवटचा ‘यू’ दीर्घ. मराठीत तत्सम शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘वर्षायु’ नको.

‘पाता दे ग्वानाको’ म्हणजे ग्वानाकोचा पाय. ग्वानाको हा दक्षिण अमेरिकेतल्या लामा या उंटाच्या कुळातल्या प्राण्याचा रानटी भाऊबंद. गोकर्ण, वाघनखी, मेंढशिंगी अशी नावं आपल्याकडे असताना हे नाव मराठी वाचकाला परकं वाटणार नाही, तेव्हा मूळ नाव ठेवून अर्थ एकदा सांगावा. माझं वाक्य असं होईल: ‘पाता दे ग्वानाको, म्हणजे ग्वानाकोचा पाय, हे अटाकामातलं वर्षायू रानफूल, पाऊस पडेल त्याच वर्षी ते दिसतं.’