आरएफआयडी रीडरचे आउटपुट हेक्सऐवजी दशमान अंकांत कसे आणावे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: रीडरने टॅगचा यूआयडी (प्रत्येक टॅगचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) हेक्सऐवजी (० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांऐवजी) दशमान अंकांत द्यावा आणि प्रत्येक नोंदीनंतर एंटरऐवजी टॅब यावा, यासाठी सेटिंग काय करावे. दुसरे काम सोपे आहे. सफिक्समध्ये, म्हणजे नोंदीच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या चिन्हात, ०डी (एंटर) असेल तिथे ०९ (टॅब) भरा, सेटिंग रीडरच्या कायम मेमरीत सेव्ह करा आणि वीजपुरवठा बंद-चालू करून ते टिकले आहे ना, हे पाहा. पहिले काम मात्र करू नका.

आमच्या कारखान्यात याच सेटिंगवरून मोठा वाद झाला होता. फेरवापराच्या क्रेटना आयएसओ १५६९३ या मानकाचे टॅग लावलेले होते आणि सॉफ्टवेअर पुरवठादाराचा हट्ट होता की, अंक-अक्षरांचा मिसळलेला क्रमांक ऑपरेटरला वाचता येत नाही, म्हणून रीडरने दशमानच द्यावे. माझा विरोध नोंदवून घेऊन त्यांचेच ऐकले गेले. पुढे प्रत्यक्ष क्रेट भरपूर आणि नोंदीत मोजकेच, असा प्रकार सुरू झाला. टॅगच एकसारखे आले आहेत, असे ठरवून संपूर्ण लॉट परत पाठवण्याची तयारी झाली, तेव्हा मी शेजारशेजारचे दोन क्रेट घेतले, रीडर सीरियल केबलने लॅपटॉपला जोडला आणि हेक्समध्ये वाचून दाखवले. सोळापैकी पंधरा अक्षरे सारखी होती. शेवटी एकावर ए, दुसऱ्यावर बी. टॅग वेगळेच होते, आणि डेटाबेसमध्ये मात्र दोघांचा एकच क्रमांक पडलेला होता.

कारण साधे आहे. हा यूआयडी ६४ बिटांचा असतो आणि ई० ने सुरू होतो, म्हणजे दशमानात तो २० अंकी होतो. रीडर ते वीसही अंक बरोबर पाठवत होता, पण पुढे ते डेटाबेसच्या फ्लोटिंग पॉइंटच्या (अपूर्णांकी संख्यांच्या) रकान्यात जात होते, जिथे अचूकता ५३ बिटांचीच असते. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये त्या रकान्याला २०४८ च्या टप्प्यानेच फरक कळतो, त्यामुळे एकाच रोलमधले जवळजवळच्या अनुक्रमांकांचे टॅग एका आकड्यात कोसळत होते. एक्सेल तर १५ अंकांनंतर सरळ शून्ये भरते.

पुरवठादाराचे शेवटपर्यंत म्हणणे होते की, चूक रकान्याची आहे, रीडरच्या सेटिंगची नाही. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. समोर ई० ने सुरू होणारा मजकूर आला असता, तर त्यासाठी संख्येचा रकाना करण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. यूआयडी ही बेरीज-वजाबाकी करण्याची संख्या नव्हे. ऑपरेटरला वाचण्यासाठी क्रेटचा स्वतःचा छोटा क्रमांक लेबलवर छापावा आणि दोघांची सांगड सॉफ्टवेअरने घालावी.

तेव्हा हेक्स, मोठी अक्षरे, मधे स्पेस नाही, ठरलेली लांबी आणि सुरुवातीची शून्ये शाबूत, असेच आउटपुट ठेवा. यूएचएफ (लांबून वाचता येणारे) टॅग असतील, तर ९६ बिटांच्या ईपीसीची (वस्तूच्या इलेक्ट्रॉनिक कोडची) २४ अक्षरे येतात आणि आरंभी ३० दिसले की तो एसजीटीआयएन-९६ (वस्तूचा प्रकार आणि अनुक्रमांक सांगणारा कोड) आहे, हे लगेच कळते. दशमानात ही खूण नाहीशी होते. मात्र ईपीसीमध्ये योगायोगाने एकच ई आणि बाकी सगळे अंक आले, तर एक्सेल त्याला घातांक समजू शकते, म्हणून तिथे रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवावा.

अपवाद आहेत. समोर २६ बिटांचे वीगँड (कार्ड-रीडरची जुनी संदेशपद्धती) मागणारा जुना दरवाजा-नियंत्रक असेल, तर त्याला हवे तेच द्यावे लागते. पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाला) थेट बाइट पाठवणे बरे, कारण हेक्स मजकुराला दुप्पट जागा लागते. दोन वेगळ्या मॉडेलचे रीडर असतील, तर एकच टॅग दोन्हींवर वाचून पाहा. ई० एकाकडे आरंभी आणि दुसऱ्याकडे शेवटी दिसले, तर बाइटांचा क्रम उलटा आहे आणि तो सेटिंगमध्येच जुळवून घ्यावा. जेसन (सॉफ्टवेअरमधील देवाणघेवाणीचा मजकुरी साचा) पाठवत असाल, तर यूआयडी अवतरणचिन्हांत, म्हणजे संख्या नव्हे तर मजकूर म्हणून, येतो ना, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.