कॉपी फंक्शन काय परत देते, ते बदलण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिनिंगच्या काट्यावरच्या पावत्या पेन ड्राइव्हवर टाकणारं पायथनचं फंक्शन आजवर ट्रू (खरं) नाहीतर फॉल्स (खोटं) देत होतं. आता फाईल नेमकी कुठं पडली तो पाथही हवा, म्हणून दोन्हींचा टपल, म्हणजे एकत्र बांधलेली जोडी, परत द्यायचा बेत आहे.

नका देऊ. निदान त्याच नावाच्या फंक्शनातून तर नकाच. रिकामा नसलेला टपल इफच्या अटीत खराच ठरते, आत फॉल्स बसलेलं असलं तरी. 'कॉपी झाली असेल तर मूळ फाईल पुसा' अशी ओळ कुठं असेल, तर कॉपी न होताही ती चालेल आणि एरर एकही दिसणार नाही. मी हे भोगलं आहे. ऐन कापसाच्या हंगामात पेन ड्राइव्ह भरला, माझं फंक्शन एरर गिळून टपल देत राहिलं आणि स्क्रिप्ट मूळ पावत्या पुसत सुटली. मग दोन रात्री वहीवरून वजनं टाइप केली. बाहेर बंडीवाले विचारत होते, "आमच्या मालाची पावती कुठी गेली?"

नुसता पाथ दिला तर? साधं इफ चालते, पण कुणी 'बरोबर ट्रू आहे का' असं तपासलं असेल तर ते कायमचं खोटं होते.

शटिल म्हणजे पायथनसोबतच येणारं फाईली हाताळायचं मॉड्यूल. त्याच्या कॉपी, कॉपी२ (ही फाईलीची वेळही सोबत नेते) आणि मूव्ह या फंक्शनांनीही परतावा, म्हणजे परत द्यायची किंमत, बदलला होता. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते नव्या फाईलचा पाथ देतात. पण आधी ते नन, म्हणजे 'काहीच नाही', देत, त्यामुळे त्या परताव्यावर कुणाचं फारसं काही अडून नव्हतं. तुमच्या ट्रूवर अख्खा काटा चालते.

म्हणून नवं फंक्शन नव्या नावानं लिहा. कॉपी झाली तर पाथ, आधीच ताजी फाईल असल्यानं सोडली तर नन, आणि बिघडलं तर एक्सेप्शन, म्हणजे पायथननं उठवलेली एरर, बोलावणाऱ्या कोडकडे वर जाऊ द्या. तुमच्या जुन्या फॉल्समध्ये 'सोडली' आणि 'फसली' दोन्ही कोंबले आहेत, खरं दुखणं तेच आहे. जुनं फंक्शन राहू द्या. ते आतून नव्याला बोलावेल, एक्सेप्शन पकडेल आणि पूर्वीसारखं ट्रू-फॉल्स देईल.

एक राहिलं. 'ताजी' ठरवताना दोन्ही फाईलींची वेळ तंतोतंत जुळवू नका. फॅट३२ या फाईल पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानंच लिहिते, म्हणून कॉपी२ वापरूनही फरक पडते आणि त्याच पावत्या रोज पुन्हा कॉपी होत राहतात.