वाचकाला चकवा लागावा म्हणून

प्रश्न : ताई, मी चिपळूणला कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचकाने पर्याय निवडत पुढे जायचं, अशी भयकथा ट्वाइनवर, म्हणजे असल्या गोष्टी लिहायच्या सॉफ्टवेअरवर, लिहायला घेतली आहे. आजोळच्या बंद घरात एक मुलगी रात्री एकटी आहे. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय देत गेले, तर दोनशे परिच्छेद होऊनही गोष्टीत अजून मध्यरात्र झालेली नाही. मैत्रिणीला वाचायला दिली, ती म्हणाली, ‘भीती नाही वाटली, नुसतं क्लिक करत गेले.’ वाचकाला ‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’? आणि मरण किती ठिकाणी ठेवू?

उत्तर : मैत्रिणीचं वाक्य जपून ठेव, सगळी मेख त्यातच आहे. छापील गोष्टीत नायिका परसदाराची कडी काढायला जाते तेव्हा आपण मनात ‘अगं, नको!’ म्हणतो. तुझ्या गोष्टीत ती कडी वाचकाच्याच बोटाने निघणार आहे. पुढे जे होईल ते त्याने ओढवून घेतलेलं असणार. ही ताकद या प्रकाराकडेच आहे, आणि ‘डावीकडच्या खोलीत जा’, ‘उजवीकडच्या खोलीत जा’ असल्या पर्यायांनी ती वाया जाते. कुठे काय आहे याचा अंदाजच नसेल तर ती नुसती नाणेफेक झाली. पर्यायाला किंमत हवी. कंदील उचलला तर दोन्ही हातांनी लावायचा जड अडसर लावता येत नाही. अडसर लावायचा तर कंदील खाली ठेवून त्याच्याकडे पाठ करावी लागते. इथे वाचक थांबेल, आणि त्या थांबण्यातच भीती शिरते.

आता पसाऱ्याबद्दल. दर वळणावर दोन फाटे आणि अशी दहा वळणं म्हणजे १०२४ शेवट, आणि सगळे मिळून २०४७ परिच्छेद. एका वेळी वाचणाऱ्याला त्यातले अकराच दिसतात. एवढं कुणीच लिहीत बसू नये. फाटे थोडं अंतर जाऊन पुन्हा एका जागी आण, फक्त वाचक कुठून आला आणि त्याने काय केलं हे गोष्टीच्या लक्षात राहू दे. ट्वाइनमध्ये त्यासाठी व्हेरिएबल, म्हणजे अशी नोंद ठेवायच्या जागा असतात. कंदील घेतला की नाही एवढं एक नोंदवून ठेवलंस, तरी पुढची पाच दृश्यं बदलतात.

आणि तू तर कोकणातली! चकवा तुला मी काय सांगायचा? माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच जागी येतो. आपल्या भुतावळीत या लेखनप्रकाराला इतकं साजेसं दुसरं काही नाही. ट्वाइनमध्ये गोष्ट ज्या साच्यात चालते त्यांपैकी हार्लो या साच्यात ‘व्हिजिट्स’ म्हणून सोय आहे; वाचक एखाद्या परिच्छेदावर कितव्यांदा आला ते त्यावरून कळतं आणि त्याप्रमाणे मजकूर बदलता येतो. मग एकच पडवी पुरते. पहिल्यांदा : ‘पडवीत झोपाळा आहे.’ दुसऱ्यांदा : ‘पडवीत झोपाळा आहे. कड्या अजून कुरकुरताहेत.’ तिसऱ्यांदा : ‘पडवीत झोपाळा आहे. त्यावर तुझा कंदील ठेवलेला आहे.’ हे वाचताना कंदील त्याच्या हातात असायला हवा. तीन ओळी, आणि एकही नवी खोली बांधावी लागली नाही.

‘तू’ की ‘तुम्ही’? माझा कौल ‘तू’ला. ‘तुम्ही’त अंतर राहतं. अडचण व्याकरणाची आहे : ‘तू घाबरलीस’ लिहिलं की वाचणारा मुलगा गोष्टीबाहेर पडतो, ‘घाबरलास’ लिहिलं की मुलगी. नायिका मुलगीच ठेवायची असेल तर बेधडक ‘घाबरलीस’ लिही. सगळ्यांना आत घ्यायचं असेल तर मराठीत वाटा आहेत. ‘तू कडी काढलीस’मध्ये क्रियापद कडीमागे जातं, वाचक कोण याचा प्रश्नच येत नाही. ‘तुला पाऊल ऐकू येतं’, ‘तुझा हात कडीवर जातो’, ‘तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही’, या वाक्यांनाही वाचकाचं लिंग लागत नाही. शिवाय त्यांत गोष्टी आपोआप घडतात, माणसाचा ताबा सुटतो. भयकथेला याहून काय हवं?

मरणं थोडी ठेव, दोन-तीन पुरेत. पावलोपावली मारलंस की वाचक मागे जाऊन दुसरा पर्याय दाबतो आणि मरणाची सवय होते. हार्लोमध्ये मागे जायचा बाण पानाच्या कडेला आपोआप दिसतो. पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटमधून तो लपवता येतो, तुझ्या गोष्टीत जरूर लपव.

सुरुवातीला त्या मुलीला एक साधं काम दे. अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीने १९८७ साली ‘द लर्किंग हॉरर’ हा शब्दांवर चालणारा खेळ काढला. त्यातला विद्यार्थी बर्फाच्या वादळात कॉलेजात आलेला असतो तो आपला टर्म पेपर पुरा करायला. काम असलं की घरभर हिंडायला कारण मिळतं. तुझ्या मुलीला आजीच्या पेटीतला सातबारा शोधू दे. सकाळी मामा तो घेऊन तलाठ्याकडे जाणार आहे, म्हणून रात्रीतच सापडायला हवा.

आणि आजच एक कर. ब्राउझरमध्ये लिहीत असशील तर गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात असते. कुणी तिथला डेटा पुसला की गेली. अर्काइव्हची, म्हणजे सगळ्या गोष्टींची एकत्र प्रत असलेली फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेव. त्या दोनशे परिच्छेदांतलं काही खोडू नकोस. प्रत निराळी करून त्यातली एक पडवी, एक माजघर, एक परसदार निवड, आणि वाचक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिथे आल्यावर काय दिसेल ते आधी लिही.