होस्टेलमध्ये 'फोकसच्या गोळ्या' फिरत असतील तर रेक्टरने काय करावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकच्या गंगापूर रोडला मुलांचं होस्टेल आहे, बहुतेक पोरं इंजिनीअरिंग आणि फार्मसीची. पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की 'फोकसची गोळी' कानावर येते आणि परवा एका खोलीच्या केराच्या डब्यात कापलेली स्ट्रिप सापडली. पोलिसांत जाऊ, पालकांना बोलावू, की सगळ्यांची लघवी तपासून घेऊ?

आधी ती स्ट्रिप वाचा. ब्रँडचं नाव सोडा, त्याच्याखाली औषधाचं मूळ नाव असतं. तिथे मिथाइलफेनिडेट असेल तर मामला वेगळा, मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल असेल तर वेगळा. दोन्ही औषधं होस्टेलात निरनिराळ्या वाटांनी येतात आणि वाट कळल्याशिवाय ती बंद कशी करणार? (अमेरिकन मालिका बघून पोरांच्या तोंडी 'ॲडेरॉल' असतं. ते भारतीय बाजारात येतच नाही. त्या नावाने कुणी काही विकत असेल तर आत काय भरलंय ते देव जाणे.)

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासावरचं औषध. ते शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं: विकायला वेगळा परवाना, साठा कुलपात, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत आणि त्यातली एक दुकानदाराने 2 वर्षं जपून ठेवायची. शिवाय एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याच्या यादीतही त्याचं नाव आहे. एवढं सगळं असल्यामुळे गल्लीतल्या मेडिकलमधून ते सहसा बाहेर पडत नाही. बाहेर पडतं ते रूममेटच्या उशाखालून. म्हणजे ज्याला खरंच एडीएचडी आहे, ज्याची चिठ्ठी खरी आहे, त्या मुलाच्या स्ट्रिपमधून. कधी मैत्रीखातर, कधी दोनशे रुपयांना, कधी त्याला पत्ताही लागू न देता.

मोडाफिनिल मूळचं नार्कोलेप्सीसारख्या झोपेच्या आजारांवरचं. तेही चिठ्ठीशिवाय देता येत नाही, पण शेड्यूल एक्सचा कडकपणा त्याला नाही. म्हणून ते बिलाशिवाय काउंटरवरून सुटतं किंवा मोबाइलवरच्या ग्रुपमधून मागवलं जातं.

पहिली वाट बंद करायची तर सगळं लक्ष चिठ्ठी असलेल्या मुलाकडे द्या, पण संशयित म्हणून नव्हे. खरा त्रास त्यालाच होत असतो. उद्या एम-थ्रीचा (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या गणिताचा) पेपर आहे, रात्री अकराला दोघे दारात उभे, 'एकच दे ना यार'. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नसतं. ते त्याला तयार करून द्या: 'माझ्या गोळ्या मोजून मिळतात. एक कमी भरली तर डॉक्टर पुढची चिठ्ठी देत नाहीत.' हे खरंही असू शकतं. पालकांनी डॉक्टरांना तसं सांगितलं की बरेच मानसोपचारतज्ज्ञ दर भेटीला उरलेल्या गोळ्या मोजायला तयार होतात.

गोळ्या ठेवायच्या कशा, हेही ठरवून घ्या. खोलीत फक्त 7 दिवसांच्या गोळ्या, बाकीच्या घरी किंवा नाशिकमधल्या नातेवाइकाकडे. 7 दिवसांच्या गोळ्या नंबर-लॉकच्या पत्र्याच्या डबीत आणि डबी कपाटाला बारीक साखळीने अडकवलेली. नुसती डबी असेल तर डबीच उचलली जाते. दर रविवारी त्याने गोळ्या मोजून स्ट्रिपच्या मागच्या चांदीवर मार्करने तारीख आणि आकडा टाकायचा. स्ट्रिप कात्रीने कापून सुटे तुकडे करू नयेत. कापलेल्या तुकड्यावर बहुतेकदा नाव, बॅच, मुदत काहीच उरत नाही आणि एक तुकडा गेला तर लक्षातही येत नाही. तुमच्या डब्यातली स्ट्रिप कापलेली होती, ती बहुधा याच कारणाने. ऑफिसच्या कपाटात सगळ्यांच्या गोळ्या ठेवून तुम्ही रोज वाटायच्या, हा उपाय सुचेल, पण त्या भानगडीत पडू नका. नियंत्रित औषधाचा साठा तुमच्या ताब्यात येतो आणि रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलाचा आजार अख्ख्या मजल्याला कळतो.

डॉक्टरांशी बोलताना पालकांनी एक विचारावं: सकाळी एकदाच घ्यायची, दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी चालेल का? साधी गोळी तीन-चार तासांत उतरते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते आणि दुपारची गोळी खिशातून कॉलेजात जाते. सकाळची एकच असेल तर खिशात काही राहत नाही. होस्टेलात धोका फार वाटत असेल तर ॲटोमोक्सेटीन हा उत्तेजक नसलेला पर्याय आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि एका रात्रीत त्याने काहीच होत नाही, त्यामुळे ती गोळी कुणी मागतही नाही. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

दुसऱ्या वाटेसाठी आसपासच्या मेडिकलवाल्यांना जाऊन भेटा. धमकी नको. 'मोडाफिनिल मागायला आमची पोरं आली तर चिठ्ठी बघा आणि बिल करा' एवढंच. बहुतेक जण ऐकतात. बिलावर नाव लिहावं लागणार म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परततात. एखादा ऐकतच नसेल तर अन्न व औषध प्रशासनाचा 1800222365 हा टोल-फ्री क्रमांक आहे. तक्रारीत दुकानाचं नाव, तारीख, वेळ आणि गोळीचं नाव हवं. 'इथे नशेच्या गोळ्या मिळतात' एवढ्यावर कुणी हलत नाही. 2023 च्या ऑक्टोबरात शिंदे गावाकडे एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला गेल्यापासून नाशकात ड्रग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं, आणि मेडिकलच्या काउंटरकडे कुणी बघत नाही.

आता मागणी. माझ्या मते खरी मेख इथे आहे. ही गोळी बहुतेक पोरं नशा म्हणून घेत नाहीत, राहिलेला सिलॅबस एका रात्रीत संपवायला घेतात. म्हणून व्यसनमुक्तीच्या पोस्टरवरची कवटी त्यांना लागूच होत नाही. त्यांना हवंय ते उत्तर वेगळं: याने मार्क वाढतात का? मेलबर्नच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांना सांगा. 40 निरोगी माणसांना मिथाइलफेनिडेट, डेक्सअँफेटामीन, मोडाफिनिल आणि नकली गोळी, असं आळीपाळीने देऊन कोडी सोडवायला लावली. ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायच्या, तसली. औषध घेतल्यावर माणसं जास्त वेळ आणि जास्त जोराने खटपट करत होती, पण कामाची प्रत घसरली. नकली गोळीवर सरासरीच्या वर असलेले बरेच जण औषधावर सरासरीच्या खाली आले. गोळीने जाग येते आणि 'काय भारी चाललंय' असा भास होतो. एम-थ्रीचं इंटिग्रल त्या भासाने सुटत नाही.

शिवाय दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. मोडाफिनिलचा अंमल लांब असतो. 12 ते 15 तासांनीही अर्धं औषध रक्तात असतं. रात्री दहाला घेतली तर पेपर संपेपर्यंत धड झोप नाही, पुढच्या पेपरची रात्रही गेली, मग पुन्हा गोळी. होस्टेलात हे चक्र ओळखायची सगळ्यात सोपी जागा मेस आहे. या गोळ्यांनी भूक मरते. परीक्षेच्या आठवड्यात जो सलग तीन-चार दिवस रात्रीचं ताट घेत नाही, ज्याच्या खोलीचा दिवा पहाटे चारलाही चालू आहे आणि जो विनाकारण खेकसतो, त्याच्याशी बोलून घ्या. मेसच्या मावशींना हे तुमच्या आधी माहीत असतं.

पर्याय दिल्याशिवाय मात्र बोलू नका. अभ्यासिका रात्री 12 ला बंद करा आणि पहाटे 5 ला उघडा, म्हणजे झोपायला 5 तास तरी सुटतात. पीएल लागायच्या 3 आठवडे आधीपासून दर शनिवारी मागच्या वर्षांचा एक पेपर घड्याळ लावून सोडवायला बसवा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःला तपासून बघणाऱ्यांना आठवड्यानंतर बरंच जास्त आठवत होतं. गंमत म्हणजे, पाचच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते, म्हणून पोरांना वाचणंच बरं वाटतं. चहा-कॉफीवर बंदी नको, हिशोब सांगा: आयसीएमआरच्या मार्गदर्शनानुसार दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफीनच्या वर जाऊ नये. 150 मिली चहात 30 ते 65, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65. एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलीच्या डब्यात नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 75. संध्याकाळी पाचनंतर यातलं काहीच नको.

लघवीच्या तपासणीवर पैसे घालवू नका. बाजारातल्या साध्या पट्टीत अँफेटामीन दिसतं, मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल सहसा दिसत नाही. उलट सर्दीवरच्या स्युडोएफेड्रिनच्या गोळीने पट्टी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे गोळीवाला सुटेल, सर्दीवाला अडकेल, आणि त्या दिवसापासून तुम्हाला कुणी काही सांगणार नाही. त्याऐवजी नाव न घेता चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवा. तीनच प्रश्न: या सत्रात कुणाला अशी गोळी घेताना पाहिलंत का, ती कुठून आली, कशासाठी घेतली. गूगल फॉर्म केलात तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय आठवणीने बंद करा, नाहीतर सगळे 'नाही' लिहितील.

'गोळी घेतली आणि लक्ष लागलं, म्हणजे मला एडीएचडीच आहे' असं सांगणारा एखादा भेटेलच. जाग येण्याचा गुण ही गोळी कुणालाही देते, त्यावरून निदान होत नाही. निदानासाठी त्रास वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावा लागतो आणि घरी, शाळेत अशा किमान दोन ठिकाणी दिसावा लागतो. तरी त्याला उडवून लावू नका. खरंच लहानपणापासून तसं असेल तर तपासणी व्हायलाच हवी. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस, 14416, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही. सवय सुटत नसेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446.

धोक्याची खूण कोणती? छातीत दुखणं, नाडी भरधाव, अंग तापलेलं, फिट येणं, असंबद्ध बडबड किंवा 'माझ्यावर पाळत आहे' असा वहीम. यातलं काहीही दिसलं तर 108 आणि स्ट्रिप सोबत. उलटी करायला लावू नका. 'उतरायला' म्हणून झोपेची गोळी किंवा दारू तर मुळीच नाही. हृदयाचा त्रास किंवा बीपी असलेल्याला मिथाइलफेनिडेटचा धोका जास्त. मोडाफिनिलने अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर, कारण क्वचित ते जिवावर बेततं. मुलींच्या होस्टेलच्या रेक्टरांना हेही सांगून ठेवा: मोडाफिनिल गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, आणि ते बंद केल्यावरही महिनाभर.

राहिले पोलीस. मित्राला फुकट दिलेली गोळीही कायद्याच्या लेखी हस्तांतरणच. मिथाइलफेनिडेटच्या बाबतीत हे एनडीपीएसखाली येतं, हे मुलांना वर्षाच्या पहिल्या बैठकीतच स्पष्ट सांगा. तरी एकट्याने घेतलेल्या गोळीवरून मुलाला चौकीत नेऊ नका. पालक आणि डॉक्टर पुरेत. पण सुट्ट्या गोळ्यांच्या पुड्या, अनेक नावांच्या चिठ्ठ्या किंवा हिशोबाची वही सापडली, तर वस्तूंना हात न लावता खोली बंद करून पोलिसांना कळवा. आणि केराच्या डब्यातल्या त्या स्ट्रिपमध्ये एखादी गोळी शिल्लक असेल तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. नाव आणि बॅच दिसत असेल तर फोटो काढा. केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये घरी उरली तर शौचालयात टाकून पाणी सोडायच्या 17 औषधांची यादी दिली, तिच्यात मिथाइलफेनिडेट आहे. मोडाफिनिल त्या यादीत नाही. ती गोळी चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी घट्ट बांधून घंटागाडीत टाका.