लिंबावर उतरलेला मधमाश्यांचा घोस पेटीत कसा घ्यावा?

प्रश्न : नागपुरात मानेवाड्याला आमच्या परसात कागदी लिंबाचं झाड आहे. काल दुपारपासून त्याच्या फांदीला मधमाश्यांचा घोस लटकला आहे. शेजारी म्हणतात, जाळून टाका. सासऱ्यांची जुनी मधपेटी घरात पडून आहे. तिच्यात घेता येतील का?

उत्तर : ताई, जाळू नका. आधी लांबूनच माशी ओळखा. पाऊण इंचाची, मोठी माशी असेल तर ती आग्या. तिच्या वाटेला जाऊ नका. ती पेटीत राहत नाही आणि चिडली तर गल्लीभर धावते. अर्ध्या इंचाहून लहान, काळपट पट्ट्यांची माशी म्हणजे सातेरी. ही पेटीत राहते. आंबिया बहार (लिंबू-संत्र्याचा हिवाळ्याअखेरचा फुलोरा) फुलला की मोहोळ भरतं, जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवं घर सापडेपर्यंत असा मुक्काम करते. पोट मधानं भरलेलं आणि राखायला पिल्लं नाहीत, म्हणून या वेळी त्या सहसा डसत नाहीत. पण घाई करा, घोस कधी तासाभरात उडतो, कधी दोन-तीन दिवस थांबतो.

पेटीतली काळी पोळी काढून टाका, त्यांत मेणकिडा असतो. पेटी खरवडून उन्हात तापवा. तोंडावर जाळी, अंगात पूर्ण बाह्या. ऊन उतरलं की घोसावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा (औषधाचा पंप नको, कितीही धुतला असला तरी). पेटी घोसाखाली धरून फांदीला एकच जोराचा झटका द्या. झाकण हळू सरकवा, पेटी तिथंच झाडाखाली ठेवा आणि दारापाशी बघत बसा. काही माश्या शेपूट वर करून पंख फडफडवतात. तो बाकीच्यांना ‘इकडे या’ असा सांगावा असतो. असं दिसलं तर राणी बहुधा आत आली. सगळ्या परत फांदीवर जमू लागल्या तर राणी वरच राहिली, पुन्हा झटका द्या. अंधार पडल्यावर पेटी कायमच्या जागी न्या.

पकडणं सोपं, टिकवणं अवघड. सातेरी रुसकी जात आहे, चार दिवसांत पेटी सोडून जाते. ओळखीच्या मधपाळाकडून अंडी-पिल्लांची एक फ्रेम (पोळं असलेली लाकडी चौकट) मिळाली तर आत ठेवा; पिल्लं सोडून माश्या सहसा जात नाहीत. दाराला राणी अडवणारी जाळी लावा, पण चार-पाच दिवसच. घोस लहान असेल तर तो जुन्या राणीमागून नव्या राणीबरोबर निघालेला आणि ती राणी बिनफळलेली असू शकते, तिला मिलनासाठी बाहेर जावं लागतं. पाचव्या दिवशी पोळ्याच्या घरांत अंडी दिसली की चिंता मिटली. दिसली नाहीत तरी जाळी काढाच. रोज संध्याकाळी साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक आत ठेवा. बाहेर सांडू देऊ नका, मुंग्या लागतात. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत.

जागा कडुनिंबाखालची, दार पूर्वेला. गच्चीवर टिनाखाली ठेवाल तर आपल्याकडच्या मे महिन्यात नवं मेण मऊ होऊन पोळी गळून पडतील. पेटीवर ओलं पोतं टाका, जवळ खडे घातलेलं पाण्याचं ताट ठेवा. नाहीतर पाण्यासाठी त्या शेजाऱ्यांच्याच कुलरवर जातील!