डब्याचा हिशेब: मेस, मावशी की घरचं घरी?

नमस्कार,

तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. बाकीच्या वाचकांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात सांगते. तुम्ही दोघं पुण्यात वाकडला राहता. तुमचं ऑफिस हिंजवडीला, पत्नीचं बाणेरला. दोघंही दुपारचं जेवण ॲपवरून मागवता आणि डिलिव्हरी, पॅकिंग, कर धरून माणशी साधारण २१० रुपये जातात. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर ९,२४० रुपये. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत. एक, ११० रुपयांचा मेसचा डबा. दोन, पत्नी म्हणतात तशा सकाळी स्वयंपाकाला मावशी. त्यांनी पोळी-भाजीचे ४,५०० रुपये सांगितलेत. तीन, तुमचं म्हणणं, सगळं घरीच करू आणि वाचलेल्या सात हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, लावू. शिवाय क्रेडिट कार्डाचे ४६,००० रुपये थकलेत आणि त्याची फक्त किमान रक्कम भरली जाते आहे.

माझं मत आधीच सांगते. मावशी लावा, पण फक्त पोळ्यांपुरत्या. भाजी-उसळ तुम्ही करा. शुक्रवारी खुशाल बाहेर जेवा. आणि उरलेला पैसा एसआयपीत घालू नका, आधी कार्डात भरा.

आता कारणं. घरचा डबा किती स्वस्त पडतो ते पाहू. किलोभर कणकेच्या तीसेक पोळ्या होतात, म्हणजे तीन पोळ्यांना तेलासकट सहा रुपये पुरतात. माणशी मूठभर मटकी, कांदा, तेल, मसाला आणि गॅस मिळून उसळीचे वीसेक रुपये. कोशिंबीर किंवा केळं धरलं तरी बेरीज चाळीसच्या आसपास राहते. भाजी महाग असेल त्या दिवशी पन्नास. मी सरासरी ४५ धरते. दोघांचे २२ दिवसांचे होतात १,९८०. तुमचे सात हजार वाचतात ते याच हिशेबाने, आणि कागदावर तो बरोबर आहे.

पण तो रोज डबा होईल असं धरून केलेला आहे. ज्या दिवशी डबा होत नाही, त्या दिवशी दोघांचे मिळून ३३० रुपये जादा जातात. मी ज्यांचे घरखर्च पाहते त्यांच्यात डबा बंद पडण्याची कारणं दोनच दिसतात: सकाळी पोळ्या लाटायला वेळ नसतो, आणि तेच तेच खाऊन कंटाळा येतो. भाजी महागली म्हणून डबा सोडलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून खर्च करायचाच तर या दोन ठिकाणी करावा.

पोळ्यांपुरत्या मावशींचे मी तुमच्या भागात महिना १,८०० धरले आहेत. सोसायटीत विचारून आकडा पक्का करा. दिवाळीला एक पगार जादा द्यायचाच, तो बारा महिन्यांवर वाटला की १,९५०. आता याला ३३०ने भागा. उत्तर सहाच्या आत येतं. म्हणजे मावशींमुळे महिन्यात सहा दिवस जरी डबा चुकायचा वाचला, तरी त्यांचा पगार निघाला. वर रात्रीच्या पोळ्याही तयार मिळतात. पूर्ण स्वयंपाकाच्या मावशींना ४,५०० द्यायचे तर असे १४ दिवस वाचायला हवेत. कार्ड थकलेलं असताना तो पर्याय मला जड वाटतो. पगारावरून मात्र घासाघीस करू नका आणि महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या भरपगारी द्या. सकाळी सातला येणारं भरवशाचं माणूस टिकलं तरच हे सगळं गणित टिकतं.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. ‘घरीच करू’ असं तुम्ही लिहिलंत, पण करणार कोण? पत्नी सव्वाआठला निघतात आणि तुम्ही पावणेनऊला, हे तुमच्याच पत्रात आहे. तो अर्धा तास तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. त्यामुळे सकाळची फोडणी तुमची आणि ती त्यांच्या निघण्याआधी व्हायला हवी. मुंबईत माणूस गेल्यावर मागाहून डबेवाला येऊन डबा नेऊ शकतो. आपल्याकडे डबा हातात घेऊनच बाहेर पडावं लागतं. तुमच्या पत्नींनी मावशींचा आग्रह धरला तो चैनीसाठी नाही. आपल्या वेळेची किंमत त्यांनी बरोबर केली आहे.

आता कंटाळ्याबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण ९,२४० रुपयांचं मूळ मला इथेच दिसतं. रोज नवा पदार्थ लागतो असं नाही. एकच तयारी दोन रूपांत वापरता आली की पुरे. शुक्रवारी रात्री मटकी भिजवा, शनिवारी निथळून फडक्यात बांधा, रविवारी छान मोड येतात. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. सोमवारी उसळ, मंगळवारी तीच मटकी कोरडी परतून, वर कांदा, लिंबू आणि वेगळ्या पुडीत थोडं फरसाण. पुढच्या आठवड्यात मूग, मग चवळी, मग छोले. उन्हाळ्यात डब्याच्या उसळीत ओलं खोबरं घालू नका, दुपारपर्यंत आंबतं. दाण्याचं कूट किंवा सुकं खोबरं घाला.

बुधवार पोळीशिवायचा ठेवा. भाजणी घरात असेल तर थालीपीठ सगळ्यांत सोयीचं, सोबत दही. मुगाची किंवा मिश्र डाळींची धिरडी, अंडी खात असाल तर कांदा घालून केलेली भुर्जी आणि पाव, कधी मसालेभात. भात मात्र सकाळी ताजा शिजवून न्या आणि ऑफिसात फ्रीज असेल तर त्यात ठेवा. शिजलेला भात तासन्‌तास उबेत राहिला तर बाधतो. दहीभात करायचा तर भातात दूध जास्त आणि दही चमचाभरच कालवा, जेवायच्या वेळेपर्यंत तो बेताचा लागतो, आंबट होत नाही. आदल्या रात्रीच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी करा, त्यासाठी वेगळा दिवस राखायची गरज नाही. मावशींना आठवड्यातून एकदा पोळ्यांऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या किंवा दही घालून धपाटे करायला सांगा. दोन्ही दुपारपर्यंत मऊ राहतात आणि चटणी असली की भाजी लागतच नाही.

चटण्यांवर मी मुद्दाम भर देते. दाण्याची, जवसाची, कारळ्याची आणि लसणीची, अशा चार कोरड्या चटण्या बरण्यांत भरून ठेवल्या की तीच दुधी-भोपळ्याची भाजी वेगवेगळी लागते. महिन्याला दोनशे-अडीचशे रुपयांत चारही होतात. इतक्या थोड्या पैशांत डब्याला एवढी विविधता दुसरं काही देत नाही. भाजीही मोसमाची घ्या. थंडीत मटार, मेथी, गाजर, हरभऱ्याचे सोले. पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाची येते, तेव्हा कडधान्य आणि पिठलं. पिठलं घट्ट करा, म्हणजे डब्यात सांडत नाही.

शुक्रवारचं बाहेरचं जेवण मी काटकसरीत काढून टाकलेलं नाही, कारण सहकाऱ्यांबरोबर जेवणं तुमच्या कामाचाही भाग आहे. तर महिन्याचा हिशेब असा: १८ दिवसांच्या डब्याचे १,६२०, मावशींचे १,९५०, चार शुक्रवार दोघांचे माणशी २२० प्रमाणे १,७६०. एकूण ५,३३०. आजच्या खर्चापेक्षा ३,९१० कमी. चटण्यांचे काढले तरी साडेतीन हजारांच्या वर उरतात.

मेसचा डबाही वाईट नाही. १८ दिवस मेस आणि चार शुक्रवार बाहेर असं केलंत तर ५,७२० होतात, म्हणजे फरक चारशेच्या आत आहे. दोघांपैकी कोणालाच सकाळी स्वयंपाकघरात शिरायचं नसेल, तर मेस लावून मोकळे व्हा. फक्त पैसे एकदम महिन्याचे भरू नका, पंधरा दिवसांचे भरून चव पाहा. सुट्टी आदल्या दिवशी कळवली तर पैसे वळते होतात का, तेही विचारून घ्या.

आता कार्ड. ४६,००० वर महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला तर दरमहा १,९०० रुपये नुसते जातात. तुम्ही किमान रक्कम म्हणून २,३०० भरता, त्यातले मुद्दलात जेमतेम ४०० पोहोचतात. त्याहून वाईट म्हणजे, थकबाकी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. तुमच्या २१० रुपयांच्या जेवणावरही त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून आजच ॲपमधून कार्ड काढून टाका. शुक्रवारचे पैसे यूपीआयने बचत खात्यातून जाऊ द्या.

२,३०० आणि डब्यातून वाचलेले साडेतीन हजार मिळून ५,८०० दर महिन्याला पगार झाल्याझाल्या कार्डात भरलेत आणि कार्ड वापरलं नाहीत, तर दहा महिन्यांत ते फिटतं. एसआयपीत वर्षाला दहा-बारा टक्के मिळतील अशी आशा असते, खात्री नसते. कार्डाचं व्याज मात्र वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जातं आणि तिथे खात्री आहे. कार्ड फिटल्यावर ते ५,८०० आधी अडीअडचणीच्या पैशांसाठी आवर्ती ठेवीत टाका. सहा महिन्यांचा घरखर्च जमला की मग एसआयपी. दरमहा साडेतीन हजार रुपये दहा वर्षं गुंतवले आणि दहा टक्के परतावा धरला, तर सात लाखांच्या आसपास रक्कम होते.

शेवटी तुम्ही विचारलेलं कणीक मळायचं मशीन. पोळ्या मावशी करणार असतील तर त्याची गरज नाही. आता फक्त दोन चांगले डबे घ्या, भाजीसाठी काचेचा, म्हणजे ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये चालेल, आणि पोळ्यांसाठी स्टीलचा.