उत्तर: बाबांच्या छातीसाठी शॉकवेव्ह, पॅकेज घ्यावं की ट्रायलमध्ये जावं?

कळव्याच्या ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता पण मोबाईलवर एवढं टाइप करायचं जिवावर आलं, म्हणून आज दुपारी बसले. म्हणजे बाबा ७१ वर्षांचे, २००९ ला बायपास, नंतर दोन स्टेंट, आता डॉक्टर म्हणतात पुढे काही करण्यासारखं उरलं नाही, गोळ्या चालू ठेवा. पण बाजारापर्यंत गेले तरी छाती भरून येते. एका सेंटरवाल्याने नऊ सेशनचं शॉकवेव्ह पॅकेज सांगितलंय, आणि दुसरीकडे एका हॉस्पिटलात ह्याचीच ट्रायल चालू आहे पण तिथे काही जणांना खोटं मशीन लावतात म्हणून घरचे नको म्हणतायत. बरोबर ना?

मी डॉक्टर नाही. नवी मुंबईत इको (हृदयाची सोनोग्राफी) टेक्निशियन आहे, बावीस वर्षं प्रोब धरतेय, आणि मधे दीडेक वर्ष आमच्याच खोलीत हे मशीन होतं त्यामुळे जवळून बघितलंय.

आधी नावाचा घोळ. शॉकवेव्ह म्हटलं की तीन-चार वेगळ्या गोष्टी निघतात. टाच दुखते म्हणून फिजिओवाले देतात ती एक, किडनी स्टोन फोडायची एक, आणि अँजिओप्लास्टी करताना नळीतलं कॅल्शियम तडकवायला बलूनमधून देतात ती एक. सेंटरवाले कधीकधी ह्या बलूनवाल्या ट्रीटमेंटच्या बातम्या दाखवून बाहेरून द्यायची थेरपी विकतात, तर ते दोन्ही एक नाही. बाबांना सांगितलीय ती छातीवर बाहेरून द्यायची, अगदी कमी ताकदीची, स्टोन फोडायला लागते त्याच्या साधारण दहावा हिस्सा. फोडायचं काहीच नसतं. हृदयाच्या ज्या भागाला रक्त कमी पडतं तिथे हलके धक्के द्यायचे म्हणजे नवीन बारीक रक्तवाहिन्या तयार व्हायला चालना मिळेल, अशी कल्पना. जपानमध्ये आधी डुकरांवर करून बघितलं, मग २००६ मध्ये माणसांवरचा पहिला रिपोर्ट आला, त्यात पेशंट किती तर ९. खोटं मशीन लावून तुलना केलेला तिथलाच २०१० चा अभ्यास, त्यात ८. दोन्हीत फायदा दिसला, पण आठ-नऊ माणसांवर मी तरी बाबांचे पैसे लावणार नाही.

करतात कसं ते सांगते म्हणजे सेंटरवाल्याला चार प्रश्न विचारता येतील. पेशंट झोपतो, छातीवर जेल, इकोत तो कमी रक्ताचा भाग शोधायचा आणि तिथेच नेम धरायचा. ईसीजीच्या तारा लावलेल्या असतात, ठोक्यातल्या ठराविक क्षणीच मशीन टक् करतं, नाहीतर ठोका बिघडायची भीती. नेहमीचा कोर्स म्हणजे आठवड्यात तीन सेशन, मग तीन आठवडे गॅप, असं तीनदा, एकूण नऊ. आता खरी ग्यानबाची मेख म्हणजे इको विंडो. लहर वाटेत फुप्फुसात घुसली तर हवेशी जाऊन आपटते आणि तिथे इजा करू शकते, म्हणून बरगड्यांमधून स्वच्छ खिडकी मिळायलाच हवी. बिडी ओढलेले, फुप्फुसं फुगलेले किंवा जाड पेशंट असले की आम्हाला साधा इको काढताना घाम फुटतो, आणि बाबांची विंडो न बघताच कोणी पॅकेजचा भाव सांगत असेल तर तिथूनच परत फिरा. हृदयात गुठळी असेल तरी हे करत नाहीत.

आता खोट्या मशीनबद्दल. माझा मामा नौपाड्यात राहतो, नोकरी तुर्भ्याला. ठाणे स्टेशनचा ब्रिज चढून दहा नंबरवर पनवेल गाडी धरायची, आणि ब्रिजच्या मधोमध छाती भरून आली की थांबून जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी. आठवड्याला आठ-दहा गोळ्या लागायच्या, कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डबीत ठेवायचा त्यामुळे मोजता यायच्या. त्याने एका ठिकाणी पैसे भरून हीच थेरपी घेतली आणि तीन महिन्यांनी डबी भरलेलीच! घरात पेढे. मग मामीच म्हणाली, अहो पण तुम्ही त्याच महिन्यात रिटायर झालात, ब्रिज चढलात कुठे? आता थेरपीने बरं वाटलं, ब्रिज सुटल्याने, की नर्स आठवड्यातून तीनदा प्रेमाने विचारपूस करायची त्याने, हे मामालाही सांगता येत नाही. नेमकं हेच ओळखायला ट्रायलमध्ये काही जणांना खोटं मशीन लावतात.

अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छाती भरून येणं, हे दुखणंच असं लबाड आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत छातीतली एक रक्तवाहिनी बांधून टाकायचं ऑपरेशन जोरात होतं, लोकांना खरोखर आराम पडायचा. १९५९ मध्ये १७ पेशंट घेऊन काहींची रक्तवाहिनी बांधली आणि काहींच्या फक्त कातडीला चीर देऊन टाके घातले, तर दोन्हीकडे सारखाच आराम. ऑपरेशन बंद पडलं. आणि अगदी अलीकडे, २०१७ मध्ये इंग्लंडात २०० जणांवर स्टेंटचीही अशीच परीक्षा झाली, कानाला हेडफोन लावून झोपवलं, निम्म्यांना स्टेंट टाकलाच नाही. सहा आठवड्यांनी चालायच्या वेळेत दोन गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. ते सगळे हृदयाच्या एकाच नळीत ब्लॉक असलेले आणि गोळ्या व्यवस्थित चालू असलेले पेशंट होते, त्यामुळे ह्यावरून बाबांचे स्टेंट फुकट गेले असं काढू नका हं. पण स्टेंटला ही परीक्षा द्यावी लागली तर शॉकवेव्हला का नको?

म्हणून माझं मत ट्रायलच्या बाजूने. तिथे खोट्या गटातही गोळ्या बंद करत नाहीत, उलट तपासण्या जास्त होतात. सेशनचे पैसे मागितले तर ती ट्रायल नव्हे, दुकान. सीटीआरआय ह्या सरकारी साइटवर नोंदणी नंबर शोधा, संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, आणि अभ्यास संपल्यावर खोट्या गटाला खरी थेरपी देणार का ते विचारा, काही ठिकाणी देतात. मधेच बाहेर पडायचा हक्क बाबांना असतो, त्याची कारणं द्यावी लागत नाहीत.

पण त्याआधी, "काही उरलं नाही" हे नक्की का? हिमोग्लोबिन आणि थायरॉइड कधी केलं होतं? पल्स किती राहते? रॅनोलाझिन, आयव्हाब्राडिन, निकोरँडिल ह्या अंजायनाच्या गोळ्यांपैकी काय देऊन झालंय? आमच्याकडे एक काका असेच आले होते, हिमोग्लोबिन निघालं ७, मूळव्याधीचं रक्त जात होतं आणि लाजून कोणाला सांगितलं नव्हतं. ते भरून काढल्यावर तलावपाळीला फेरी मारायला लागले. ईईसीपी, ते पायांना पट्टे बांधून फुगवायचं, तेही डॉक्टरांना विचारा, त्याचे ३५ तास भरावे लागतात पण त्यावर अभ्यास जरा जास्त झालाय.

आणि हो, बसल्या जागी दुखायला लागलं, किंवा जिभेखाली गोळी ठेवून पाच मिनिटांत उतरलं नाही तर ह्यातलं काही आठवत बसू नका, सरळ १०८.

आजपासून दोन आठवडे कॅलेंडरवर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या लिहा, रोज किती लागल्या आणि काय करताना. आणि शेवटच्या इको रिपोर्टमध्ये "पुअर विंडो" असं काही लिहिलंय का ते बघून इथे टाका, नाव-गाव झाकून, मग पुढचं बोलू.